मावशीचं काम

मृणालनं 'रिक्वेस्ट'च्या रकान्यातली ती ओळ माऊसनं उचलली आणि 'बग'च्या रकान्यात नेऊन सोडली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ओळीचा रंग बदलून लाल झाला.

"परत ठेव," दिपेश म्हणाला.

"का?"

"का म्हणजे? मावशीचं काम आहे ते. बग कधीपासून झाला?"

तिनं माऊस सोडून दिला. बाकी सगळे गंभीर बग सुटलेले होते, हिरवे होऊन खाली शांत पडले होते. त्यांच्या डोक्यावर आता ही एकच लाल ओळ होती, आणि ती मिटिंग रूमच्या दारातूनसुद्धा वाचता आली असती.

माजिवड्याच्या नाक्याजवळ, एका टायरच्या दुकानाच्या वर हे ऑफिस होतं. रक्त-लघवी तपासणाऱ्या लहान लॅबसाठी इथं सॉफ्टवेअर बनायचं. पेशंटची नोंद करायची, तपासणीचे आकडे भरायचे, रिपोर्ट छापायचा, एवढंच त्याचं काम. सॉफ्टवेअर चांगलं होतं. त्याविषयीच्या तक्रारी आणि मागण्या मात्र जागा मिळेल तिथं राहत होत्या. काही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, काही 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'हीच फायनल' अशा नावांच्या एक्सेल फायलींत, काही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या दिपेशच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर, आणि उरलेल्या सगळ्या दिपेशच्या डोक्यात, जिथं बॅकअपची सोय नव्हती.

ठाण्यापासून कल्याणच्या पुढपर्यंत लॅब चालवणारं एक मोठं हॉस्पिटल हे सॉफ्टवेअर घ्यायचा विचार करतंय असं कळलं, तेव्हा कंपनीचे मालक प्रफुल्ल सर खडबडून जागे झाले. हॉस्पिटलचा माणूस येणार आणि तुमच्याकडे तक्रार आली की तिचं पुढं काय होतं ते दाखवा म्हणणार. दाखवायला पिवळ्या चिठ्ठ्या होत्या. मग त्यांनी हे सगळं एका जागी नीट लावायचं काम मृणालला दिलं. मृणाल तोवर फोनवर बसायची. लॅबवाल्यांचे आवाज तिला पाठ होते. कोण उगीच ओरडतं आणि कोण खरंच अडलेलं असतं हे तिला हॅलोवरून कळायचं.

तिनं ते काम मन लावून केलं. प्रत्येक तक्रारीचं एक पान. पानाला माणसाचं किंवा लॅबचं नाव द्यायचं नाही, काय बिघडतं ते लिहायचं. आणि प्रत्येक पान दोनपैकी एका रकान्यात. सॉफ्टवेअर करू नये ते करत असेल तर बग. कुणाला काही नवीन हवं असेल तर रिक्वेस्ट. बग दुरुस्त करणं आपल्यावर बंधनकारक, रिक्वेस्ट जमली तर पुरी करायची. नवीन लागलेल्या ऐश्वर्यानं खडवलीच्या एका लॅबवाल्याला कुणालाही न विचारता, फक्त पान वाचून उत्तर दिलं, त्या दिवशी मृणालनं सगळ्या ऑफिसला चहा पाजला. तिला त्या पानांचा अभिमान होता आणि तो लपवायचे कष्ट ती घेत नव्हती.

आता राहता राहिलं होतं मावशीचं काम.

मावशी म्हणजे अँजेला आल्मेडा. भाईंदरच्या पुढं, समुद्राकाठच्या उत्तनमध्ये तिची लहानशी लॅब होती. तिच्या भागात आडनावं थोडी आणि नातवाला बाप्तिस्म्यात आज्याचं नाव द्यायची पद्धत. त्यामुळे एकाच घरात एकाच वेळी दोन व्हॅलेरियन आल्मेडा राहत, आणि घरात मोबाइल बहुधा एकच. सॉफ्टवेअर पेशंट ओळखायचं ते नाव आणि मोबाइल नंबर जुळवून. त्याच्या लेखी दोन्ही व्हॅलेरियन एकच. मग फुटबॉल खेळणाऱ्या व्हॅलेरियनच्या रिपोर्टवर 'मागील निकाल' म्हणून सत्तरीच्या व्हॅलेरियनची साखर छापून यायची.

अँजेला रिपोर्ट हातातून सोडण्याआधी ते पकडायची आणि फोन करायची. फोन दिपेशकडे जायचा. दिपेश हातातलं काम टाकून तिच्या लॅबच्या नोंदींत शिरायचा, दोघांच्या नोंदी हातानं वेगळ्या करायचा आणि म्हणायचा, झालं मावशी. एक्सेलमध्ये लिहायचा, 'मावशीचं काम. केलं.' पुढल्या वेळी व्हॅलेरियनच्या जागी ओवेन असायचा, नाहीतर लिओना, पण काम तेच. वर्षातून एकदोनदा अँजेला स्वतः सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन ऑफिसात यायची. एसी चालू असलेल्या खोलीत तो वास दुसऱ्या दिवशीपर्यंत मुक्कामाला असायचा. प्रफुल्ल सर शाकाहारी. त्यांना त्या दिवशी हमखास बाहेरचं एखादं काम निघायचं.

सगळ्यांना ती आवडायची, आणि तिचं काम करायला सगळ्यांना आवडायचं. तिला मध्येच कधीतरी म्हणे घराचं नाव लिहायला एक जास्तीचा रकाना हवा होता. तेवढ्यावरून तिचं सगळं प्रकरण मागणी म्हणून जमा झालं आणि नव्या रकान्यांतही रिक्वेस्टमध्येच आलं.

"मावशीचा फोन आला आणि मी तो संध्याकाळपर्यंत ठेवला, असं एकदा तरी झालंय?" दिपेशनं विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "जेवण सोडून उठलेलो मी. आणि तू तिथं लिहितेस, न सुटलेला."

"तू दर वेळी सोडवलंस," मृणाल म्हणाली. "म्हणूनच ते कधी कुणाला दिसलं नाही."

यानंतर दिपेश आठवडाभर तिच्याशी फक्त कामापुरतं बोलला. तिला त्याचं वाईट वाटलं. त्याच्याइतकं मनापासून काम करणारा माणूस त्या मजल्यावर दुसरा नव्हता, आणि तिनं नेमका त्याच्या चांगुलपणावर लाल रंग दिला होता. पण तिनं ओळ हलवली नाही.

त्याला एक कारण होतं. पान पूर्ण करायचं म्हणून तिनं अँजेलाला फोन केला होता. हे नेमकं कधी होतं, कुणाकुणाचं झालं, सगळं विचारून घेतलं. अँजेलानं सांगितलं की त्यांच्याकडे नाव विचारून माणूस कळत नाही, घर विचारावं लागतं. बंदरावरचा व्हॅलेरियन, विहिरीजवळचा व्हॅलेरियन. म्हणून तर तिनं तो रकाना मागितला होता. मग तिनं सहज विचारलं, हे कुठं लिहितेयस. मृणालनं दोन रकान्यांतला फरक तिला समजावून सांगितला. 

"म्हंजे हे तुमचं चुकत होतं," अँजेला म्हणाली. "आणि इतकी वरसं रिक्वेस्ट मी करत होते. वर बोंबील घेऊन."

"हो, मावशी."

"बरं झालं सांगितलंस. मला वाटायचं आमचे गावातच काय तरी वाकडं हाय."

 शहाणीसुरती बाई, स्वतःची लॅब चालवणारी, दर फोनला आधी 'सॉरी हां' म्हणायची. ते 'सॉरी' मृणालनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि दर वेळी 'असू दे मावशी' असं मोठ्या मनानं म्हटलं होतं.

आता प्रश्न होता तो हॉस्पिटलच्या भेटीचा. हे कंत्राट मिळालं की टीम वाढणार होती आणि मृणाल तिची लीड होणार होती, असं प्रफुल्ल सरांनी तिला बोलून दाखवलं होतं. तिनं घरी ते 'झालं तर' असं सांगितलं. तिचं घर कोपरला. वडील, आबा, डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आणि जवळच्या बुद्धविहाराच्या समितीचे सचिव. एरवी अक्षर न अक्षर पारखून घेणाऱ्या या माणसानं 'झालं तर' एवढं नेमकं गाळलं. रविवारी वंदना झाल्यावर सूचना द्यायच्या असतात, त्यात रक्तदान शिबिराची तारीख आणि वाचनालयाची वेळ यांच्या मधोमध त्यांनी सांगून टाकलं की आमची मृणाल तिच्या टीमची हेड झाली. टाळ्या पडल्या. मृणाल त्या दिवशी विहारात नव्हती. तिला हे भाजीवालीकडून कळलं. तेव्हापासून रस्त्यात कुणी ना कुणी तिचं अभिनंदन करत होतं, आणि ती आभार मानत होती, कारण दुसरं काय करणार.

भेटीच्या आदल्या दिवशी प्रफुल्ल सर तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी पानं पाहिली, कौतुक केलं, आणि मग लाल ओळीवर बोट ठेवलं.

"हे चूक आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "फक्त आठवडाभर रिक्वेस्टमध्ये राहू दे. नंतर हलव. इतकी वर्षं मागणीच तर समजत होतो."

"सर, पान सगळ्यांचं आहे. तुम्हीपण हलवू शकता." तिनं माऊस त्यांच्याकडे सरकवला. "फक्त कुणी हलवलं त्याचं नाव पानाखाली येतं. ते मला बंद करता येत नाही."

 सरांनी माऊस धरला. बाण लाल ओळीपर्यंत नेला. मग त्यांनी माऊस सोडला, खुर्ची जागेवर ठेवली आणि उद्या चहाबरोबर काय मागवायचं एवढं विचारून निघून गेले.

हॉस्पिटलकडून अमृता नावाची बाई आली. मृणालच्याच वयाची असेल. चहाला नको म्हणाली, बिस्किटांकडे बघितलं नाही आणि रिक्वेस्ट वगैरे नंतर, आधी बग दाखवा म्हणाली. तिनं हिरव्या ओळींपैकी मधलीच एखादी उघडावी, वाचावी, बंद करावी. मृणालला वाटलं, लाल ओळ तिला दिसलीच नाही की काय. सगळ्यात शेवटी अमृतानं ती उघडली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"हे अजून सुटलेलं नाही?"

"ते तसं बघायला गेलं तर एका क्लायंटची मागणी होती," प्रफुल्ल सर म्हणाले. "एक जास्तीचा रकाना हवा होता त्यांना."

खोलीच्या कोपऱ्यात दिपेश हाताची घडी घालून उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"बग आहे, मॅडम," तो म्हणाला. "जुना आहे. मी दर वेळी हातानं सोडवायचो. बिघडतंय असं वाटायलाच दिलं नाही मी कुणाला."

मृणालनं त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे न बघता पडद्याकडे बघत होता. एवढं बोलणं त्याला किती जड गेलं असेल ते तिला ठाऊक होतं, आणि त्या क्षणी आपण या माणसाच्या टीममध्ये आहोत याचा तिला अभिमान वाटला.

अमृतानं मान डोलावली. त्यांच्याकडे गावाकडून येणाऱ्या पेशंटांत घरात एकच मोबाइल असलेले खूप असतात, म्हणाली. मग लॅपटॉप बंद करता करता मृणालला म्हणाली, इतकी स्वच्छ पानं मी कुठल्या कंपनीत पाहिली नाहीत. दाराशी पोचल्यावर तिनं पुन्हा एकदा वळून तेच सांगितलं.

आठवड्यानं मेल आला. या वर्षी नाही. ही चूक दुरुस्त होऊन काही काळ गेल्यावर पुन्हा बघू. पानांचं कौतुक मेलमध्येही होतं, पण कौतुकावर टीम वाढत नाही.

प्रफुल्ल सर तिच्या टेबलाशी आले आणि उभेच राहिले. "लीडचं आता..." त्यांनी सुरुवात केली.

"कळलं, सर."

ते जायला वळले, थांबले. "दिपेशची बाकीची कामं काढून घे," ते म्हणाले. "आधी हे होऊ दे."

दिपेश त्या कामाच्या मागं लागला तो लागलाच. मासे खायला जातो म्हणून एका सुट्टीच्या दिवशी उत्तनला गेला आणि कुठल्या घराला काय म्हणतात ते समजून घेऊन आला. मग सॉफ्टवेअरनं मोबाइल नंबरावर विसंबणं सोडलं. त्याच नावाचा पेशंट आधी असेल तर नोंद करताना ते थांबायचं आणि विचारायचं, 'या नावाची व्यक्ती आधी आहे. ही कुठल्या घरची?' ओळ हिरवी झाली. त्याचं पान दिपेशनं स्वतः लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा. काय बिघडत होतं, का बिघडत होतं, आता काय होतं. मृणालनं ते वाचलं आणि एक शब्द न बदलता तसंच ठेवलं.

"भारी लिहिलंयस," ती म्हणाली.

"माहितीये," दिपेश म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला.

अँजेलाचा फोन आला तेव्हा त्यानं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकरवर टाकला. ती खूश होती. तुमचा कंप्युटर आता आमच्या गावातल्या म्हातारीवानी विचारतो, कुणाचे घरचा रे तू, म्हणाली. या वेळी तिनं 'सॉरी' म्हटलं नाही. मृणालनं मुद्दाम कान देऊन ऐकलं होतं.

घरी मात्र तिनं अजून काही सांगितलं नव्हतं. कंत्राट गेलं त्याचं दुःख तिला पचलं होतं. सगळ्या वस्तीत आबांची मान खाली जाईल, हे पचत नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यात कधी स्वतःविषयी सूचना दिली नाही, त्यानं एकदाच मुलीविषयी दिली, आणि ती खोटी निघाली.

शेवटी एका शनिवारी संध्याकाळी तिनं सांगितलं. आबा रविवारचा पांढरा सदरा इस्त्री करत होते. ते काम ते कुणाला करू देत नसत. तिनं अँजेलापासून मेलपर्यंत सगळं सांगितलं. आबा इस्त्री बाजूला उभी करून ऐकत राहिले.

"चूक कुणाची होती?" त्यांनी विचारलं.

"आमची. कंपनीची."

"आणि ती लाल रंगात लिहिली कोणी?"

"मी."

 आबांनी सदऱ्याची दुसरी बाही सरळ केली, इस्त्री फिरवली, आणि उद्या विहारात चल एवढं म्हणाले. ती रात्रभर त्या 'चल'चा अर्थ लावत राहिली. ओळखीच्या लोकांत बसायचं, कुणीतरी नव्या पदाविषयी विचारायचं आणि आपण आबांदेखत खाली बघायचं, यापलीकडे तिला काही सुचेना.

रविवारी विहार भरला होता. ती बायकांच्या रांगेत भिंतीच्या कडेला बसली. शेजारी केशरबाई होत्या, वस्तीतल्या सगळ्यात वयस्कर. त्यांना अलीकडे ऐकू येत नसे, पण त्या एकही रविवार चुकवत नसत. वंदना झाली. आबा सूचना द्यायला उभे राहिले. वाचनालयाला नवीन कपाट आलं आहे. पाण्याची टाकी धुवायची आहे, तरुणांनी यावं. मग त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"मागं मी इथं सांगितलं होतं की आमची मृणाल तिच्या टीमची हेड झाली," ते म्हणाले. "ती माहिती चुकीची होती. ती हेड झालेली नाही. त्यांच्या कंपनीच्या कामात एक चूक होती. मृणालनं ती चूक म्हणून सगळ्यांसमोर मांडली, म्हणून ते पद गेलं. मी दिलेली सूचना सर्वांनी दुरुस्त करून घ्यावी."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. अशा वेळी वाजवायच्या असतात की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. आबा लगेच खाली बसले नाहीत. पांढऱ्या सदऱ्यात ताठ उभे राहून त्यांनी समोरच्या रांगांवरून सावकाश नजर फिरवली. प्रत्येकानं नीट ऐकलं आहे ना, याची खात्री करून घेत असावेत. मृणालनं त्यांचा असा चेहरा पूर्वी पाहिला नव्हता, तिच्या पदवीच्या वेळीही नाही.

केशरबाईंना यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. त्या मघापासून आबांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्या मृणालच्या बाजूला झुकल्या आणि त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आणखी काही मोठं झालं का गं तुझं?"

मृणालनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"हो, आजी," ती म्हणाली.